शर्यतीचे आणि खेळाचे सिनेमे बघताना तुम्हाला नेमकं कुठं खटकतं?

तिसरं_गेट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. परवा पाऊस असा लागला होता की लाइट आहे तोवर काहीतरी बघून घ्यावं म्हणून 'फोर्ड व्हर्सेस फेरारी' (२०१९) लावला. तिसऱ्यांदा. बायको म्हणाली, "शेवट पाठ आहे, तरी एवढं सरसावून काय बसलाय?" मला उत्तर सुचलं नाही, म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे भांडायला बरं. शर्यतीच्या सिनेमात शर्यत हीच सगळ्यात कंटाळवाणी गोष्ट असते. दोघं स्टिअरिंग धरून दात-ओठ खातात, ताशी अडीचशेच्या वेगात एकमेकांकडे रोखून बघतात, मग एकजण आणखी एक गिअर टाकतो. मी बेळगावात उद्यमबागेत मशीन शॉपला आहे, गिअरचे दात कापण्यात अठरा वर्षं गेली, त्यामुळं मोजायची खोड आहे. सिनेमातल्या गाडीला सरासरी अकरा गिअर असतात.

मग मला त्यात आवडतं काय? ब्रेक. १९६६ ची ले मान्सची चोवीस तासांची शर्यत. सरळ रस्त्यावर गाडी तीनशेच्या वर जाते आणि पुढच्या वळणाला एकदम खाली आणायची, दर फेरीला. रात्री चाकाच्या आत ब्रेकची डिस्क अशी लाल दिसते की शेगडी पेटवून ठेवलीय वाटावं. पिटमध्ये (गाडी थांबवून काम करतात तिथं) पोरं झिजलेले ब्रेक दुरुस्त करत बसत नाहीत, अख्खी असेंब्ली काढून नवी चढवतात. फेरारीवाले बोंब मारतात, तर उत्तर मिळतं की नियमात कुठं नको म्हटलंय ते दाखवा. ब्रेक बदलायची ही युक्ती फोर्डच्या लोकांनी खरंच काढली होती, सिनेमावाल्यांनी नाही. आमच्या शॉपमधले फिटर या सीनला शिट्ट्या मारतील, हिरोच्या एंट्रीला नाही.

तर बोला. तुम्हाला कुठं खटकतं, आणि कुठं अंगावर काटा येतो?

निपाणी_नाका

अकरा गिअरला दंडवत. बाकी असहमत.

शर्यत कंटाळवाणी वाटते कारण ती कापून कापून दाखवतात. फॉर्म्युला वन शर्यतींवरचा 'एफ वन' (२०२५) थेटरात बघितला का? खऱ्या ग्रांप्रीच्या आठवड्यात, खऱ्या ट्रॅकवर जाऊन शूटिंग केलंय. एफ-टूच्या, म्हणजे एक पायरी खालच्या, गाड्यांना एफ-वनसारखं अंग चढवलं आणि ब्रॅड पिटला स्वतः चालवायला बसवलं. वळणावर त्याची मान जी ओढली जाते ती अभिनयानं येत नाही.

पण कथा? हिरो मुद्दाम धडका घेतो, ट्रॅकवर कचरा पडला की सेफ्टी कार येते, सगळे हळू होतात, त्यात आपल्या संघातल्या पोराचा फायदा. आणि थेटरात लोक हसतात, काय डोकेबाज म्हातारा म्हणून! २००८ ला सिंगापूरमध्ये एका संघानं खरंच आपली एक गाडी भिंतीवर घालायला लावून दुसरीला जिंकवलं होतं. पुढच्या वर्षी ते उघडकीला आलं तेव्हा संघाच्या वरच्या माणसांना घरी बसावं लागलं. जे खेळात लफडं, ते सिनेमात हुशारी. मला खटकतं ते हे.

उसाचा_ट्रॅक्टर

पॉपकॉर्न नाही, भडंग घेऊन बसलोय. चालू द्या.

मातीतला

कुस्तीवर बोललं तर चालेल का? गाड्यांतलं मला फक्त पंक्चर कळतं.

'दंगल' (२०१६) मला आवडला हे आधी सांगतो. माती उकरणं, पहाटेची धाव, पोरींचे केस कापतात तो सीन, सगळं बघवतं. पण शेवट बघून तालमीतली आम्ही चार पोरं एकमेकांकडे बघत बसलो. गीता फोगाटनं २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलमध्ये अंतिम कुस्ती एकतर्फी मारली होती. सिनेमात ती शेवटच्या सेकंदापर्यंत ताणली, वर वडिलांना खोलीत कोंडून ठेवलं, जे झालंच नव्हतं. का? तर म्हणे लोकांना चुरस लागते.

अरे, एकतर्फी कुस्तीत वाईट काय असतं? येळ्ळूरच्या मैदानात कुणी दीड मिनिटात घिस्सा मारून चीत केला तर लोक ती कुस्ती वीस वर्षं सांगत फिरतात. "उठला नाही तोवर खाली होता" म्हणतात. पाऊण तास नुसती खडाखडी होऊन सोडवलेली कुस्ती कुणी सांगितलेली ऐकलीय?

दुसरं म्हणजे हलगी. सिनेमात कुस्ती लागली की व्हायोलिन वाजतात. मैदानातला हलगीवाला पैलवानाच्या तोंडाकडं बघत नाही, पायाकडं बघतो. पाय मागं सरकला, टाच उचलली, की याचा ठेका बदलला. मागं बसलेल्या माणसाला पटात शिरलेला हात दिसत नाही, पण हलगी चढली की तो उठून उभा राहतो. एकाही सिनेमावाल्याला हे कळलेलं नाही. मराठीत २०२० च्या फेब्रुवारीत 'केसरी' आला होता, मातीतल्या कुस्तीवरच. तो बघायला आम्ही कोल्हापूरला गेलो. पुढं पंधरा दिवसांत थेटरंच बंद पडली.

आण्णा_शहापूर

मातीतला, आपल्या मुद्द्याला माझा पाठिंबा, पण एक दुसरी बाजू मांडतो.

दिनांक १८ जून १९८३. टनब्रिज वेल्स. झिंबाब्वेविरुद्ध भारत ५ बाद १७. कपिल देव नाबाद १७५. नवव्या गड्यासाठी किरमाणीबरोबर अभेद्य १२६. भारत ८ बाद २६६, विजय ३१ धावांनी. हे आकडे मी बघून लिहिलेले नाहीत. बँकेत माझ्या खणात त्या दिवसाच्या धावफलकाचं कात्रण निवृत्तीपर्यंत होतं.

त्या दिवशी बीबीसीचा संप होता, त्यामुळे त्या खेळीचं चित्रीकरणच नाही. म्हणजे जगात फक्त धावफलक उरला, आणि मैदानावर असलेल्या लोकांच्या आठवणी. आम्ही त्या कात्रणावरून खेळी रचत आलो. कुठला षटकार कुठल्या बाजूला गेला असेल यावर चहाच्या टेबलावर वाद घातले. नंतर '८३' (२०२१) आला. मी ग्लोब, चित्रा या जुन्या थेटरांच्या काळातला माणूस, पण नातवानं मल्टिप्लेक्सला नेलं. खेळी दाखवली, चांगली दाखवली. रणवीर सिंगनं तो नटराज फटकासुद्धा घोटून घोटून बसवलाय. पण अडतीस वर्षं माझ्या डोळ्यापुढं जे मैदान होतं ते त्या पडद्यावर नव्हतं. माझ्या मैदानावर झाडं जास्त होती.

म्हणून म्हणतो, जिथं चित्रीकरण आहे तिथं सिनेमावाल्यांनी खोटं बोलू नये. जिथं नाही, तिथं त्यांनी जरूर बोलावं, मात्र आम्हाला विचारून.

खानापूरची

आण्णा, झाडं जास्त होती! _/\_

मी शाळेत पीटी शिकवते, आधी खो-खो खेळायचे, त्यामुळे माझं 'चक दे' (२००७). शेवटचा पेनल्टी स्ट्रोक नाही, सुरुवातीचा नोंदणीचा सीन. ईशान्येकडच्या मुलींना टेबलावरचा माणूस पाहुण्या म्हणतो, आणि त्या म्हणतात की स्वतःच्या देशात पाहुणं म्हटलं तर कसं वाटेल. थेटरात बाकीचे हसले. मी आणि मैत्रीण नाही हसलो.

आम्ही राज्य निवडीला बंगळूरला गेलो की आपसात मराठी बोलतो म्हणून "महाराष्ट्रावरून आलात का?" आणि कोल्हापूरच्या निमंत्रित स्पर्धेला गेलो की "कर्नाटकची टीम आली." दोन्हीकडं चहा मिळाला, तक्रार नाही. पण एकदा एका स्पर्धेत (नाव घेत नाही) संघाचे ट्रॅकसूट आले, ते आधी मुलांना वाटले. आम्हाला उरलेले. माझी बाही गुडघ्यापर्यंत. तशीच संचलनात चालले, फोटो अजून आहे. असलं काही सिनेमात असेल तर मी तिकीट काढीन. भाषणं नकोत.

आणि मातीतला, एकतर्फीबद्दल शंभर टक्के. खो-खोत एखादी मुलगी पूर्ण पाळी नाबाद पळते तेव्हा चुरस वगैरे काही नसते, तरी साखळीत बसलेल्या मुली सोडून सगळे टाळ्या वाजवत असतात.

हुक्केरीचा

माझं मराठी शाळेतलं नाही, बाजारातलं आहे, सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे ले मान्स आणि सिंगापूर फिरून आलात, आपल्याच राज्यातला विसरलात. 'कांतारा' (२०२२) मधला सुरुवातीचा कंबळ. रिषभ शेट्टी स्वतः म्हशींमागं... नाही, रेड्यांमागं पळालाय, चिखलात. तिथं ना गिअर, ना एकमेकांकडे बघणं. पाणी इतकं उडतं की माणूस दिसत नाही, फक्त पांढरा पडदा पुढं पळतोय असं दिसतं. मला वाटतं शर्यत अशीच दाखवावी, न दिसणारी.

माहितीसाठी: २०२० मध्ये कंबळात एका गड्यानं १४२.५ मीटर १३.६२ सेकंदांत काढले. पेपरवाल्यांनी लगेच भागाकार करून शंभर मीटरचा वेळ काढला आणि त्याला बोल्टच्या शेजारी बसवलं. आता रेडे ओढत असताना बोल्ट कुठं आला मध्ये? तो गडी बिचारा शहाणा. स्टेडियमवर चाचणी द्यायला बोलावलं तर नको म्हणाला, आपलं पळणं चिखलातलं.

निपाणी_नाका

@हुक्केरीचा, न दिसणाऱ्या शर्यतीवरून 'रश' (२०१३) आठवला. १९७६ च्या एफ-वन हंगामाची शेवटची शर्यत, जपानमध्ये, धो धो पाऊस. त्याच वर्षी ऑगस्टच्या पहिल्या तारखेला न्यूरबर्गरिंगच्या शर्यतीत ड्रायव्हर निकी लाउडा जळाला होता, फुप्फुसात विषारी वाफ गेलेली. सहा आठवड्यांत मॉन्झाला परत आला, डोक्याच्या पट्ट्या ओल्या असताना, आणि चौथा आला. जपानला मात्र दोन फेऱ्या मारल्या, गाडी पिटमध्ये घेतली आणि उतरला. म्हणाला, हे धोक्याचं आहे, मी चाललो. त्याचा प्रतिस्पर्धी जेम्स हंट तिसरा आला आणि एका गुणानं हंगामाचा विजेता झाला. ६९ विरुद्ध ६८.

सिनेमात दोघांना जानी दुश्मन केलंय, खऱ्यात ते दोस्त होते, एवढं सोडलं तर मला त्यातलं ते उतरणं फार आवडतं. खेळाच्या सिनेमात हिरो मध्येच थांबतो आणि तरी लहान होत नाही, असं दुसरं उदाहरण सांगा.

उसाचा_ट्रॅक्टर

जुलैत आंबोलीचा घाट चढणारा प्रत्येक माणूस.

कडोलीचा_गाडा

लई दिवसांनी धागा वाचून हात शिवशिवले. तिसरं_गेट भाऊ, तुम्ही ले मान्सचा खरा मुद्दा सांगितलाच नाही की. ब्रेकच्या नादात सोडून दिला.

त्या शर्यतीत फोर्डच्या तीन गाड्या पुढं. केन माइल्स पैला. कंपनीला फोटो पायजे, म्हणून तिन्ही गाड्या बरोबर आणा म्हणाले. त्यानं गाडी हळू केली, बरोबरीनं रेषा ओलांडली. आणि मग पंच म्हणाले, फोर्डच्याच मॅक्लारेनची गाडी सुरुवातीला थोडी मागं उभी होती, म्हणजे चोवीस तासांत तिनं तेवढे मीटर जास्त कापले, म्हणून ती जिंकली. मर्दा, हे बघून मी सोफ्यावरनं उठलो. हे आमच्या काकाचं झालंय!

ज्यांना म्हाईत नाही त्यांच्यासाठी. आमच्याकडं खाली गाडा पळवतात. रिकामा गाडा, बैलजोडी, एका वेळी एकच. शिट्टी वाजली की सुटायचं, मिनिट झालं की परत शिट्टी, गाडा जिथं असंल तिथं खूण. मग टेप लावून फूट मोजतात. कुणाशी झुंज नाही, घड्याळाशी. म्हणजे तुमच्या एफ-वनवाल्यांची क्वालिफाइंग असते तसंच की.

तर एका गावच्या शर्यतीला (गाव सांगणार नाही, तिथं बहीण दिलीय) काकाची जोडी आणि दुसऱ्या एकाची जोडी यांच्यात फरक आला नऊ इंचाचा. फायबरचा टेप, एका टोकाला एक शाळकरी पोरगं. काकाच्या वेळी पोरानं टेपचं टोक चाकाच्या मागच्या बाजूला धरलं, दुसऱ्याच्या वेळी पुढच्या बाजूला. चाकाचा घेर बघा किती असतो, आणि भांडण नऊ इंचाचं! काका म्हणाला परत मोजा. पंच म्हणाले, चाकोरी पुसली आता, बाकीच्या चार जोड्या तिच्यावरनं पळाल्या. झालं. काका दुसरा. बैलांच्या गळ्यातला हार काढून गाड्यात टाकला आणि घरापर्यंत एक शब्द बोलला नाही. आई भाकरी वाढत होती तेव्हा म्हणाला, "पोरानं चाकाच्या मागं धरला टेप." बास, एवढंच.

सिनेमात माइल्स झालेल्या क्रिश्चन बेलचं तोंड बघा निकाल कळल्यावर. काकाचं तोंड हुबेहूब तसंच होतं, फक्त डोक्याला हेल्मेट नव्हतं, पटका होता.

खानापूरची

किस्सा एक नंबर. पण बैलांचं काय? शेपूट पिरगाळणं, टोचणी, हे सगळं मी डोळ्यांनी बघितलंय. उगाच नाही २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बंदी घातली.

कडोलीचा_गाडा

ताई, बघितलं असंल, नाही म्हणत नाही. मी पण बघितलंय आणि भांडलोय. आमच्या यात्रेत काठी हातात दिसली की जोडी बाद. १८ मे २०२३ ला घटनापीठानं कर्नाटक, तमिळनाडू, महाराष्ट्र तिघांचे कायदे मान्य केले, पण त्यात अटी हायत आणि त्या पाळायच्याच. यावर वेगळा धागा काढा, तिथं भांडू. हितं सिनेमा चाललाय.

मातीतला

काकांना माझा रामराम सांगा.

अवांतर: त्या पोराचं पुढं काय झालं?

कडोलीचा_गाडा

सर्व्हेअर झाला. खोटं वाटंल, पण खरं हाय.

तिसरं_गेट (धागाकर्ता)

हसून हसून पुरेवाट. आणि कबूल, मुद्दा मी सोडला. ब्रेकच्या नादात. बायकोला आता उत्तर सापडलं, नऊ इंच.

निपाणी_नाका, तुमच्या प्रश्नावरून एक सांगतो. थांबण्याचं नाही, हरण्याचं. 'जो जीता वही सिकंदर' (१९९२) आला तेव्हा मी सातवीत. आमच्या टिळकवाडीत पुढचे सहा महिने सायकलच्या शर्यती. मार्ग ठरलेला: रेल्वेच्या तिसऱ्या गेटातून आत, काँग्रेस रोडनं सरळ, पहिल्या गेटातून बाहेर. पहिलं गेट ओलांडलं की शर्यत संपली. माझ्याकडं थोरल्या भावाची चोवीस इंची, चेन उतरायची सवय. एका रविवारी सगळं जमून आलं. चेन उतरली नाही, वारा पाठीवर, मी पुढं. पहिलं गेट दिसायला लागलं आणि गेट पडलं. मालगाडी. मी ब्रेक मारून उभा. मागून आलेला एक किडकिडीत पोरगा, ज्याला आम्ही खिजगणतीत धरलं नव्हतं, त्यानं सायकल आडवी केली, दांड्याखालून सारली, स्वतः वाकून गेला आणि पलीकडून आम्हाला हात केला. नंतर गेटमननं त्याचा कान असा पिळला की आठवडाभर लाल होता. पोरांनो, असलं करू नका. पण जिंकला तोच. मी मालगाडीचे डबे मोजत उभा होतो. बावन्न.

आता तिसऱ्या गेटावर उड्डाणपूल झालाय, माझं नाव तेवढं राहिलं.

मोठा झाल्यावर 'ब्रेकिंग अवे' (१९७९) बघितला. अमेरिकेतलं एक विद्यापीठाचं गाव. बाहेरून आलेली कॉलेजची पोरं एकीकडे, खाणीत दगड कापणाऱ्यांची स्थानिक पोरं दुसरीकडे, आणि मध्ये सायकल शर्यत. 'सिकंदर'चं बरंच सामान कुठून आलं ते कळलं, पण राग आला नाही. त्यात बाप आपल्या पोराला सांगतो की विद्यापीठाच्या इमारतींचा दगड आम्ही कापला, आणि इमारती उभ्या राहिल्यावर आम्हालाच आत जायला परकं वाटायला लागलं. शर्यत शेवटी आहे, छान आहे. पण मी तो सिनेमा त्या दगडासाठी परत बघतो. माझे वडील फाउंड्रीत होते. त्यांनी ओतलेले भाग लावलेल्या गाडीत ते आयुष्यात बसले नाहीत.

रविवारी आमच्याकडे लावणार आहे. पंधरा-वीस माणसं बसतील एवढी जागा आहे. भडंग ट्रॅक्टररावांनी आणावं. आण्णा, तुमच्यासाठी खुर्ची, बाकीच्यांना चटई.

आण्णा_शहापूर

येतो. नातवालाही आणतो. त्याला 'कार्स' सोडून दुसरा शर्यतीचा सिनेमा माहीत नाही, आणि तो त्यानं माझ्या हिशोबानं ऐंशी वेळा बघितलाय.

हुक्केरीचा

कन्नड सबटायटल असतील का? नसले तरी येतो.

कडोलीचा_गाडा

अरे रविवारी आमच्याकडं गाडा हाय की! दुपारी सुरू, अंधार पडेपर्यंत चालंल. सगळेच हिकडं या, सिनेमा रात्री लावू. मातीतला, हलगी पण हाय.

मातीतला

मग आधी गाडा. येतो. टेप कोण धरणार आहे तेवढं सांगा.